सायटेशन मोजा, पण सिकलसेलही मोजा!

औषधी रसायनशास्त्रातील संशोधकाचा सत्कार असला की आधी आकडे वाचले जातात. शोधनिबंध इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका. सत्कारमूर्ती आमच्या वस्तीतून शिकून वर आलेला असेल तर आमची छाती अभिमानाने भरून येते, आणि ती यावीच. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांचे नाव जगाच्या नियतकालिकांत छापून येणे ही साधी गोष्ट नव्हे! पण टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न विचारण्याचा हक्क चळवळीला आहे : या आकड्यांत गोंदिया जिल्ह्याच्या वाट्याला काय आले?

सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा दिलेला दाखला. जातीचा दाखला सरकारी अधिकारी देतो; हा दाखला संशोधक एकमेकांना देतात. 2005 साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 दाखले, त्याचा एच-इंडेक्स 20. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने सहयोगी प्राध्यापकपदासाठी किमान 7 आणि प्राध्यापकपदासाठी 10 निबंधांची अट घातली. असे उंबरठे आमच्या मुलांना ओलांडावेच लागतात. वशिला नसलेल्या माणसाच्या हाती लेखी आकडा हाच पुरावा असतो. म्हणून आकडे नकोत, असे आम्ही म्हणणार नाही.

पण दाखले गर्दीच्या मागे जातात. जिथे निधी तिथे संशोधक, आणि जिथे संशोधक तिथे दाखले. मग अनेक प्रयोगशाळांतून काय घडते? एखाद्या संयुगाची रचना थोडी बदलायची, दहा-बारा नवी संयुगे करायची, जिवाणूंवर त्यांचा परिणाम तपासायचा आणि निबंध पाठवायचा. निबंधांची संख्या वाढते. संयुग बाटलीतच राहते. रुग्णापर्यंत ते पोहोचले काय, हे एच-इंडेक्स विचारत नाही.

इकडे विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे दुखणे पिढीजात चालत आले आहे. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि लेकरू हाडांच्या वेदनेने रात्रभर तळमळते. वैद्यकाने या रोगाची नोंद 1910 साली केली. त्यावर उपयोगी ठरलेले हायड्रॉक्सीयुरिया हे संयुग तर जर्मनीत 1869 सालीच तयार झाले होते. सिकलसेलसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली 1998 साली! 2019 साली मान्यता मिळालेले व्हॉक्सेलोटर हे औषध कंपनीने 2024 मध्ये जगभरातून मागे घेतले. त्यावरचे निबंध आणि दाखले शिल्लक राहिले. औषध मात्र गेले.

अमेरिकेतही हा रोग प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा, म्हणून दीर्घकाळ दुर्लक्षितच होता. 1971 साली ब्लॅक पँथरने वस्त्यावस्त्यांतून सिकलसेल तपासणीची मोहीम उघडली. 1972 साली तिथे सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा झाला. आधी लोकांचा आवाज, मग निधी, मग संशोधन आणि शेवटी सायटेशन, असा हा क्रम आहे. त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतले. दवाखान्याचा तो कार्यक्रम आपण किती उचलला?

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध 1923 साली प्रसिद्ध झाला. तो ग्रंथालयात ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत. 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी त्याच प्रश्नावर साक्ष दिली. विद्या लोकांच्या कामी लावायची असते, हा त्यांचा धडा आहे.

केंद्राने 2023 साली सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. उद्दिष्ट 2047 चे ठेवले. तपासणीने रोगी सापडतील. पण औषध शोधणार कोण? गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्ह्यातील विज्ञान व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आणि नागपूर विद्यापीठ यांनी एकत्र येऊन या रोगावर संशोधनाचा कार्यक्रम आखावा. बार्टीने पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीत या विषयाला प्राधान्य द्यावे. अशा कामाला दाखले कमी मिळतील. म्हणून नेमणुकीत त्याचे स्वतंत्र मोल धरले जावे.

आमच्या तरुण संशोधकांनी एच-इंडेक्स जरूर वाढवावा. परंतु सालेकसा-देवरीच्या आजारी लेकराला तुमच्या निबंधाचा काय उपयोग, या प्रश्नाचे उत्तरही तयार ठेवावे. पुढच्या सत्कारात तो प्रश्न आम्ही विचारणार आहोत.