इतिवृत्त वाचून कायम करणे

‘प्रशासक होता तेव्हा निदान कामं तरी होत होती. आता पुन्हा नगरसेवक, पुन्हा सभा, पुन्हा गोंधळ.’ भिवंडी महापालिकेची निवडणूक झाल्यापासून हे मी अनेकांच्या तोंडून ऐकतो आहे. बोलणारी माणसं विचार न करणारी नाहीत. त्यांत वकील आहेत, ट्रान्स्पोर्टवाले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. शहराबाहेर, मानकोली गावाच्या नाक्यावर याच मताला थोडं वेगळं रूप येतं. एवढी गोदामं, एवढे कंटेनर, त्यात डोंबिवलीहून खाडीपूल उतरलेला. हे काय ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे? सगळं एमएमआरडीएकडे द्या, ग्रामसभा कशाला हवी?

शहरातलं मत असो की नाक्यावरचं, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: स्थानिक संस्थेच्या सभेचं नेहमीचं कामकाज, म्हणजे विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, हा सगळा वेळेचा अपव्यय. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि मानकोलीसारख्या गावापुरती तर घातक वाटते.

आधी तिची बलस्थानं मान्य करू. सभा रटाळ असते हे खरं. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि ग्रामसभेच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे मोजकी डोकी गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात. शहरात तर ‘ऐनवेळचे विषय’ नावाचं एक भुयारच आहे. छापील विषयपत्रिकेवर दिवाबत्ती आणि गटारं असतात, मोठ्या खर्चाचा विषय सभा उठता उठता येतो आणि गोंधळात मंजूर होतो. टक्केवारी हा शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालिकेच्या आवारात समजावून सांगावा लागत नाही. हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांचा संताप मी खोटा ठरवणार नाही.

पण या संतापातून काढलेला निष्कर्ष तपासला पाहिजे. भिवंडी निजामपूर महापालिकेची याआधीची निवडणूक मे 2017 मध्ये झाली होती. 90 नगरसेवकांची मुदत जून 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतरचं मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झालं. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं घटनेचं कलम 243-यू सांगतं, तरी मधली साडेतीन वर्षं शहराला महासभाही नव्हती आणि स्थायी समितीही नव्हती. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभरातल्या पालिकांची हीच गत झाली.

या काळात आयुक्तच शहराचा प्रशासक होता. निर्णय कसे होत होते? आयुक्त या नात्याने प्रस्ताव तयार करायचा, आणि प्रशासक या नात्याने तोच मंजूर करायचा. मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. वेग आला तो इथून. हरकत घेणारा समोर नसला की फाईल वेगाने सरकते, त्याला कार्यक्षमतेचा पुरावा म्हणता येत नाही. प्रशासक सचोटीचा असेल, कष्टाळूही असेल. पण त्याने नाकारलेला प्रस्ताव कोणता होता, आणि मंजूर केलेल्या प्रस्तावावर हरकत कोणती आली होती, हे शहराला कळायला जागा नव्हती. महासभेत निदान एक तरी विरोधक उठतो. स्वार्थापोटी उठला तरी त्याचं बोलणं इतिवृत्तात जातं, दुसऱ्या दिवशी बातमी होते, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी तो कागद घेऊन दारात उभं राहतं.

इतिवृत्ताची किंमत ज्यांना कळत नाही त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून सजावटीसाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला. 32 सदस्यांत विरोधात एकटे फुले. विषय मंजूरच झाला, म्हणजे व्यवहारी माणसाच्या हिशेबाने त्यांचा विरोध वाया गेला. पण तो नोंदला गेला, म्हणूनच कुणाचा पैसा कुणाच्या स्वागतावर उधळला जातो हा त्यांचा प्रश्न आजही विचारता येतो.

महाडचं उदाहरण याहून मोठं आहे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात झाला, आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये आपल्या तळ्यांचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं. ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं, त्यामागे मानवी हक्क तर होताच, शिवाय त्या नगरपालिकेच्या कागदावरचा ठरावही होता. नगरपालिकेला मागे फिरावंसं वाटलं, तेव्हा 4 ऑगस्ट 1927 ला तिला उघड ठराव करूनच मागे फिरावं लागलं. अन्याय करतानाही सभा भरवावी लागली, तारीख घालावी लागली, म्हणून त्या अन्यायाला तोंड देता आलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली आणि तळ्यावरच्या हक्काची कोर्टातली लढाई 1937 साली उच्च न्यायालयात जिंकली गेली. एखाद्या अधिकाऱ्याने तोंडी हुकमाने तळं बंद केलं असतं तर आव्हान कशाला दिलं असतं?

आता मानकोली. हे गाव आज जे काही आहे ते स्थानिक संस्थांच्या हद्दींमुळेच झालं. मुंबईला जकात होती, भिवंडी शहरालाही होती. हद्दीबाहेरच्या गावांत जकात नव्हती, जमीन स्वस्त होती, महामार्ग दारातून जात होता. म्हणून अंजूर, वळ, दापोडा, पूर्णा, राहनाळ, काल्हेर आणि मानकोलीच्या भातशेतांवर गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि कारण संपल्यावर गोदामं आटतील असं काहींना वाटलं. झालं उलट. राज्याराज्यांतल्या लहान साठ्यांची गरज संपली, कंपन्यांना एकाच जागी भलीमोठी कोठारं हवी झाली, आणि ती भिवंडीत आली.

2007 पासून भिवंडीभोवतीच्या साठेक गावांसाठी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. आराखडा तिचा, बांधकाम परवानगी तिची. पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा आणि घरपट्टी ग्रामपंचायतीची. रस्त्यांचे धनी आणखी वेगळे. गोदामाचा भार गावाने सोसायचा, त्याची परवानगी वांद्रे-कुर्ला संकुलातून यायची. प्राधिकरणाच्या बैठकीत मानकोलीने निवडून दिलेला सदस्य बसत नाही. ‘सगळं एमएमआरडीएकडे द्या’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की महत्त्वाचं बरंचसं दिलेलंच आहे. उरली आहे ती ग्रामसभा, आणि ग्रामपंचायतीची मासिक सभा.

29 एप्रिल 2023 च्या दुपारी मानकोली नाक्याजवळ वळपाड्यातली वर्धमान कंपाउंडमधली तीन मजली इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती कुटुंबं. आठ जणांचा जीव गेला. परवानगी कुणाची होती, गोदामाच्या डोक्यावर माणसं राहत होती हे कुणाकुणाला ठाऊक होतं, मजल्याने पेलायचं वजन कुणी तपासलं होतं, हे प्रश्न ढिगारा उपसताना विचारले गेले. ते आधी विचारायचे तर कुठे विचारायचे? अशी इमारत रोज डोळ्यांसमोर असलेली माणसं गावातच असतात, आणि गावातल्या माणसाला उभं राहून बोलायचा कायदेशीर हक्क देणारी जागा ग्रामसभा आहे.

यावर प्रतिवाद येईल, आणि तो हलका नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडी शहरातली जिलानी इमारत पडली. तेव्हा तर महासभा अस्तित्वात होती, 90 नगरसेवक होते. जवळपास चाळीस माणसं गेली. सभेने काय वाचवलं? काही नाही वाचवलं. सभा असली की इमारती पडत नाहीत, असा माझा दावाच नाही. दावा एवढाच, की सभा असते तेव्हा अपयशाला धनी असतो. कुठल्या प्रभागाचा कोण, त्याने धोकादायक इमारतींची यादी कधी मागितली, मागितली नसेल तर का नाही, हे विचारता येतं, आणि मतपेटीत त्याचा हिशेब करता येतो. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याला मतदार काय विचारणार?

लोकांना यात रस नसतो असंही म्हणतात. खाडीपलीकडे पाहा. कल्याण-डोंबिवलीतली 27 गावं 2002 साली महापालिकेतून वगळली, 2015 साली पुन्हा घातली, आणि त्यावर मोर्चे, बहिष्कार, कोर्टकचेऱ्या झाल्या. आपला कारभार कुठल्या सभेत चालावा यासाठी गावंच्या गावं इतकी वर्षं भांडतात. त्यांना रस नाही असं कोण म्हणेल?

मग सभा कशी हवी? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणारी नोटीस एकदा जवळ जाऊन वाचावी. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्चास मंजुरी. मग आलेल्या अर्जांवर चर्चा. शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. बहुतेक ठिकाणी पहिला विषय अर्ध्या मिनिटात संपतो. ‘वाचलं का? वाचलं. मंजूर? मंजूर.’ माझ्या मते सगळ्या सभेत वजनाचा विषय हाच. मागच्या महिन्यात काय ठरलं होतं, त्यातलं काय झालं, जे बोललं गेलं ते नीट उतरलं का, हे एका माणसाने जरी अडवून विचारलं तरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला प्रोसिडिंग उघडावं लागतं. पुढच्या वेळी तो ते नीट लिहून आणतो.

मानकोलीपुरतं बोलायचं तर मागण्या अवघड नाहीत. प्राधिकरणाने गावाच्या हद्दीत दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची यादी ग्रामपंचायतीने मागवावी आणि मासिक सभेत वाचावी. नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, कुठलं गोदाम किती क्षेत्राचं लागलं आहे हे ग्रामसभेत मोठ्याने सांगावं. ही यादी आणि ती नोंदवही शेजारी ठेवली की कुठल्या बांधकामाला परवानगी नाही आणि कुठल्यावर कर कमी लागतो, हे शाळकरी पोरालाही कळेल. खर्चाचा एकही विषय ऐनवेळी घेऊ नये. ग्रामसभा तहकूब झाली तर तहकूब सभेची वेळ कामावरून सुटणाऱ्यांच्या सोयीची असावी; मूळ सभेच्या गणपूर्तीला लागणारे 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला कमी आकडा, तेवढी माणसं रविवारी संध्याकाळी मानकोलीत जमणार नाहीत असं मला वाटत नाही. आणि शहराच्या नव्या महासभेलाही हेच लागू: साडेतीन वर्षांतले प्रशासकीय ठराव तिने एकेक करून पटलावर मागवावेत. रद्द करण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी.

एक अडचण मात्र खरोखरच मोठी आहे, आणि सभेची बाजू घेणारेही ती टाळतात. मानकोलीत दिवसा जी माणसं असतात त्यांतली कितीतरी मानकोलीच्या मतदारयादीत नाहीत. हमाल, लोडर, ड्रायव्हर, पॅकिंगच्या मुली. गोदामाच्या आडोशाला राहणाऱ्याला ग्रामसभेत हात वर करता येत नाही, आणि इमारत पडते तेव्हा खाली तोच असतो. प्रशासक आणून हे सुटत नाही, प्राधिकरण आणून तर नाहीच. पण नोटिशीवरचा तिसरा विषय त्याच्यासाठी उघडा ठेवता येतो. आलेल्या अर्जांवर चर्चा. अर्ज करायला मतदार असण्याची गरज नाही. राहत्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, जिन्यावर माल रचला आहे, शौचालय नाही, असा चार ओळींचा अर्ज ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढला की त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते. तो मासिक सभेत वाचायला कुठल्याही सदस्याला लावता येतो, आणि वाचला की त्यावर काय ठरलं ते लिहावंच लागतं. पुढच्या महिन्यात तेच लिहिलेलं विषय क्रमांक एक म्हणून पुन्हा सभेपुढे येतं. हा अर्ज लिहून द्यायला मदत करणं हे मानकोलीतल्या प्रत्येक मतदाराचं काम आहे, आणि ते येत्या मासिक सभेपासून सुरू करता येईल.