वार्षिक पास घ्यावा काय?

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या वर्गांतून एक नवीन चर्चा ऐकूं येऊं लागते. पूर्वीं मुलें परस्परांस विचारीत कीं, सुटींत कोणत्या गांवीं जाणार. आतां विचारतात कीं, तुमच्या घरीं पास काढला काय? हा परीक्षेंतील पास नव्हे, हें सांगावयास नकोच. शहराबाहेर जीं मोठमोठीं क्रीडोद्यानें व जलविहाराचीं ठिकाणें झालीं आहेत, ज्यांस थीम पार्क असें म्हणतात, त्यांत वर्षभर वाटेल तेव्हां शिरण्याची मुभा देणारा हा पास होय. तो पालकांनीं घ्यावा किंवा न घ्यावा ह्याविषयीं आमच्या मनांत कांहीं विचार आले, ते येथें मांडीत आहों.

पास ही वस्तु इतवारीच्या लोकांस नवी नाहीं. स्टेशन जवळ असल्यामुळें रेल्वेचा पास येथील घराघरांत ठाऊक आहे. तो महिन्याचा, तिमाहीचा, सहामाहीचा व वर्षाचा असा निघतो. १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठींच मिळतो. आणि ओळखपत्रावांचून चालत नाहीं. तिमाही पासास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाहीस ५.४ पट व वार्षिकास १०.८ पट पैसे पडतात. म्हणजे बारा महिन्यांचा प्रवास अकरा महिन्यांहूनही कमी पैशांत होतो. (शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींस पदवीपर्यंत व मुलांस बारावीपर्यंत घर ते शाळा ह्या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते, म्हणून विषय सोडून येथें नमूद करितों.) ह्या पासांत लाभ होतो तो कां? भंडारा रोडास रोज नोकरीवर जाणाऱ्या मनुष्यास आपण महिन्यांत किती वेळां जाणार हें पक्कें माहीत असतें. त्याचा हिशेब गरजेचा आहे, आणि गरज मोजतां येते. क्रीडोद्यानाचा पास मात्र हौसेचा आहे. डिसेंबरांतील हौस जुलैंत किती उरेल हें घरांतील वडील माणसांसही सांगतां येत नाहीं, मग मुलांची कथा काय?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. इतवारींत त्यांचें धान्याचें दुकान आहे. घरांत आजी, आईवडील, दहावींतील मुलगा व चौथींतील मुलगी अशीं पांच माणसें. गेल्याच्या मागील नाताळांत त्यांनीं एका जलविहाराच्या ठिकाणाचे चार वार्षिक पास मोबाइलवरून विकत घेतले. आंकडे समजण्यास सोपे जावे म्हणून ते पूर्ण करून सांगतों: एका दिवसाचें तिकीट १००० रुपये व वर्षाचा पास ३५०० रुपये. चार वेळां गेलें म्हणजे पासाचे पैसे वसूल, पांचव्या वेळेपासून सारा फायदा, असा वडिलांचा हिशेब होता, आणि व्यापारी मनुष्याच्या हिशेबांत चूक काढणें कठीण. आजीस पाण्याचें वावडें म्हणून तिचा पास घेतला नाहीं.

पैसे भरतांच मोबाइलवर एक कागद आला. सर्वांनीं तोच पास समजून जपून ठेवला. वास्तविक ती केवळ पावती होती. तीस दिवसांच्या आंत प्रत्येकानें जातीनें त्या ठिकाणीं जाऊन, ओळखपत्र दाखवून व छायाचित्र काढवून पास चालू करून घ्यावयाचा होता. वर्ष मात्र मोजलें जात होतें तें पैसे भरल्या दिवसापासून! हें सारें पावतीच्या तळाशीं बारीक अक्षरांत लिहिलेलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण बारीक अक्षरें वाचण्याची संवय आपल्यांपैकीं किती जणांस आहे? जानेवारींत लग्नसराईमुळें दुकानांतून पाय निघेना. अठ्ठाविसाव्या दिवशीं सर्वांची धांवपळ झाली. परंतु दुसऱ्याच दिवशीं मुलाची पूर्वपरीक्षा असल्यामुळें तो घरीं राहिला, आणि त्याचा पास कधीं चालूच झाला नाहीं. विनंती केली असतां, नियम तो नियम, असें उत्तर मिळालें.

पुढें मे महिन्यांत एकदां व दसऱ्यानंतर एकदां जाणें झालें. पावसाळ्यांत कांहीं पाळणे बंद होते, तेव्हां गेलें नाहीं. दिवाळींतील ज्या दिवसांत मुलांस खरोखर सुटी होती, नेमके तेच दिवस पासवाल्यांस वर्ज्य होते. एकूण तिघे जण तीन वेळां गेले, म्हणजे ९००० रुपयांच्या तिकिटांचा उपभोग घेतला, आणि त्यासाठीं १४००० रुपये दिले. आंतील खाणेंपिणें व पेट्रोल ह्यांचा हिशेब वडिलांनीं आम्हांस सांगितला नाहीं, आम्हींही विचारला नाहीं.

पैशाचें एवढें. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पास घेण्यापूर्वीं त्या घरचा रविवार आजीचा असे. तिच्याबरोबर दोन्ही मुलें कधीं गांधीबागेंत, कधीं महाराजबागेंत जात. पास आल्यावर रविवार उजाडला कीं, आज जावयाचें कीं नाहीं, हाच वाद. जाणें झालें नाहीं तर पैसे वायां जात असल्याची रुखरुख, आणि दुसरीकडे कोठें जावें तर तेंही मनास पटेना. जी वस्तु मौजेसाठीं घेतली तिचाच धाक घरास बसला. मुलगी हिरमुसून बसे व आजी आपल्या खोलींत गप्प राही. परीक्षा आटोपल्यावर मुलगा मात्र, त्याचा पास नसल्यामुळें, एक दिवस आजीस घेऊन गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रांत गेला. १९९२ पासून तें आपल्या शहरांत आहे. पण आजीनें तेथील तारामंडळ कधीं पाहिलें नव्हतें. काळोखांत डोक्यावर तारे उगवले तेव्हां तिनें नातवाचा हात घट्ट धरला, असें तो आम्हांस सांगत होता.

हा अनुभव नागपुरापुरताच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. अशा उद्यानांत त्याची कीर्ति सर्वांत मोठी. तेथेंही वार्षिक पासाची पद्धति पुष्कळ वर्षें चालत होती. साथीमुळें मार्च २०२० मध्यें तें उद्यान बंद पडलें, तें एप्रिल २०२१ च्या अखेरीस उघडलें. मधल्या काळांत, जानेवारी २०२१ मध्यें, जुने पास रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे परत देण्याचें चालकांनीं ठरविलें. हें सचोटीचें झालें. पुढें त्याच वर्षाच्या ऑगस्टांत नवे पास निघाले. त्यांतील सर्वांत महाग पास १३९९ डॉलरांचा होता, आणि त्यास एकही दिवस वर्ज्य नाहीं अशी जाहिरात होती. मात्र जाण्यापूर्वीं त्या दिवसाची जागा राखून ठेवावी लागे. पासवाल्यांस जागा नाहीं असें सांगितलें जाई त्याच दिवसाचीं साधीं तिकिटें विकलीं जात असल्याची तक्रार एका पासधारकानें न्यायालयांत नेली. अखेर २०२३ मध्यें कंपनीनें ९५ लक्ष डॉलर देऊन तें प्रकरण आपसांत मिटविलें. तात्पर्य, ‘वाटेल तेव्हां’ ह्या शब्दांचा अर्थ विकणारा एक करितो व घेणारा दुसरा.

आपल्याकडील नवा फास्टॅगचा वार्षिक पासच पाहा. १५ ऑगस्ट २०२५ रोजीं तो सुरू झाला तेव्हां ३००० रुपयांस खासगी मोटारीसाठीं एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जें आधीं संपेल तें, असा करार होता. पास घेऊन मोठ्या डौलानें समृद्धी महामार्गानें मुंबईकडे निघालेल्या कित्येकांस वाटेंत कळलें कीं, हा पास राष्ट्रीय मार्गांचा आहे आणि समृद्धी हा राज्याचा मार्ग आहे.

शिवाय उद्यानेंही चिरकाल टिकतात असें नाहीं. दिल्लीचें अप्पू घर १९८४ सालीं उघडलें व २००८ सालीं बंद झालें. मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड, ज्याचें नांव ऐकून आमच्यांतील कित्येकांचें बालपण गेलें, तें १९८९ पासून चाललें आणि २०२२ मध्यें त्याचे दरवाजे लागले. इतवारी ते नागभीड ही चिमुकली रेल्वेदेखील नोव्हेंबर २०१९ मध्यें, रूळ रुंद करण्यासाठीं, थांबलीच कीं नाहीं? तेव्हां वर्षाचे पैसे आधीं देणें म्हणजे त्या संस्थेस एक प्रकारें बिनव्याजी कर्ज देणें होय, आणि कर्ज देतांना इतवारीचा व्यापारी जेवढी चौकशी करितो, तेवढी पास घेतांना कां करूं नये?

आम्ही अशा उद्यानांचे विरोधक नाहीं. उंच पाळण्यावर बसून पोटांत गोळा उठला नाहीं तें बालपण कसलें? ज्यांचें घर त्या ठिकाणापासून जवळ आहे व ज्यांस आठवड्याची सुटी निश्चित आहे, त्यांनीं पास अवश्य घ्यावा. इतरांनीं प्रथम एकदां साधें तिकीट काढून जावें, दोन महिन्यांनीं मुलें पुन्हां आपण होऊन विचारतात कीं काय तें पाहावें, आणि मग घ्यावयाचाच असल्यास पैसे भरण्याचा व पास चालू करण्याचा दिवस एकच ठेवावा. घरांतील थोर मुलांनीं त्या बारीक अक्षरांचें मोठ्यानें वाचन करून आईवडिलांस ऐकवावें. भाषेचा तासही आपोआप होईल. चालकांनींही वर्ष मोजावयाचें तें पहिल्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजावें, आणि पाळणे बंद राहतील तितके दिवस मुदत वाढवून द्यावी. ह्यांत त्यांचें नुकसान थोडें आहे, आणि जे लोक आज चिडून पाठ फिरवितात ते पुन्हां येतील.

त्या कुटुंबाचे पास गेल्या डिसेंबरांत संपले. नूतनीकरण केल्यास सवलत मिळेल असा निरोप वडिलांच्या मोबाइलवर येऊन पडला आहे. मुलगी रोज विचारते. ह्या खेपेस आजीसाठींही घ्यावयाचा काय, असें तिनें परवां विचारलें, तेव्हां वडिलांनीं दुकानाची वही मिटली आणि आजीकडे पाहिलें. उत्तर अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.