गादी टाकायला पैसे मागाल, तर गादी नाल्यातच जाईल



मुंबई महापालिकेच्या घनकचरा उपविधींच्या मसुद्यावर हरकती नोंदवायची मुदत ३१ मे २०२५ रोजी संपली, आणि चर्चा दरमहा शंभर, पाचशे की हजार रुपये एवढ्यापुरतीच अडकून पडली. रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी मासिक शुल्क घ्यावे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझा आक्षेप या चर्चेच्या आडून पुढे येणाऱ्या दुसऱ्याच सूचनेला आहे. जुनी गादी, मोडके कपाट, फुटका कमोड, छाटलेल्या फांद्या, नारळाच्या झावळ्या असा अवजड कचरा ज्याचा त्याने नगामागे पैसे भरून उचलून न्यायला लावावा, असा सूर अलीकडे फार ऐकू येतो. वरवर पाहता यात न्याय दिसतो. पण हे शुल्क लागू झाले, तर त्याची किंमत सबंध शहराला मोजावी लागेल, आणि तीही ऐन पावसाळ्यात.

हे पैसे नक्की कोण भरणार, याचा विचार करा. जो वॉर्ड ऑफिसला फोन करून 'गाडी पाठवा' म्हणतो, तो. जो रात्री अकरानंतर तीच गादी नाल्याच्या कठड्यावरून खाली लोटतो, त्याला एक पैसाही पडत नाही. म्हणजे शुल्क बसते ते नियम पाळणाऱ्यावर. आपल्याकडे घरातल्या जुन्या सामानाची वाट बऱ्याच अंशी भंगारवाला लावतो हे खरे, पण तो लोखंडी खाट नेतो, ॲल्युमिनियमची खिडकी नेतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेतो. पाणी पिऊन जड झालेली कापसाची गादी, भुसा पडणारा फोम, वाळवी लागलेले सनमायकाचे प्लायवूड याला तो हात लावत नाही, कारण त्यातून त्याला काहीच सुटत नाही. नेमका हाच माल दरवर्षी नालेसफाईत बाहेर येतो. नाल्यांतून गाद्या, उशा, सोफे, थर्माकोल निघतो, अशी तक्रार महापालिका स्वतःच दर उन्हाळ्यात करते. घरातून उचलायला जी गादी दोन माणसे आणि एक टेम्पो एवढ्यात निघाली असती, तीच नाल्यातून काढायला पोकलेन लागतो, डंपर लागतो, कंत्राटदाराचे बिल लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेले नाले काय करू शकतात हे या शहराने पाहिले आहे. त्या नाल्यांत आणखी चार गाद्या जाण्याची सोय आपणच का करून द्यावी?

शुल्क नसले की लोक फोन करतात आणि माल योग्य जागी जातो, हे महापालिकेला ठाऊक नाही असेही नाही. घरदुरुस्तीच्या राडारोड्यासाठी पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. तिथे ५०० किलोपर्यंतचा राडारोडा विनाशुल्क उचलला जातो आणि त्याहून जास्त असेल तर टनामागे सुमारे चौदाशे रुपये आकारले जातात. विचार अगदी रास्त आहे. बाथरूमच्या चार टाइल्स बदलणाऱ्या कुटुंबाला सोडा, अख्खा फ्लॅट फोडणाऱ्याकडून घ्या. जो न्याय टाइल्सला, तो गादीला आणि फांदीला का नको?

'ज्याचा कचरा त्याचा खर्च' हे तत्त्व इथे पुढे केले जाते. झोपडीत राहणाऱ्याने बंगलेवाल्याच्या बागेचा पालापाचोळा उचलायचा खर्च का सोसावा, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न योग्य आहे, पण मुंबईत तो उलटा पडतो. अवजड कचरा तातडीने बाहेर काढणे ज्याला भाग असते, तो बंगलेवाला नव्हे. १८० चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर नवे कपाट आत येण्याआधी जुने बाहेर जावेच लागते. त्याला ते ठेवायला ना गच्ची, ना गॅरेज. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी मिळाली. २०२५ च्या मसुद्यातला ५० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ५३८ चौरस फुटांचा, पहिला टप्पा बहुतेक त्याच घरांकडून दरमहा शंभर रुपये मागतो. त्यावर पुन्हा गादीचे वेगळे पैसे? उरला झाडांचा प्रश्न. खासगी आवारातल्या झाडांची छाटणी सोसायटीने पालिकेची परवानगी घेऊन स्वखर्चाने करायची असते, आणि मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर वेगळा असतोच. त्या झाडाची सावली रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मिळते आणि वादळात फांदी तुटली तर ती कोणाच्याही डोक्यावर पडते. छाटणीनंतर फांद्या हलवायचाही भुर्दंड बसणार असेल, तर कमिटी छाटणी पुढच्या वर्षावर ढकलेल, किंवा माळी कोपऱ्यात पाला पेटवून देईल. कचरा उघड्यावर जाळल्यास पाच हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. पाला तरीही जळतोच. २०१६ च्या घनकचरा नियमांत झाडपाल्याचा कचरा आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची, असे होते. आवारात साठवायची जबाबदारी आमची असेल, तर पुढे काय करायचे हे सांगण्याची आणि ते जमेल अशी सोय करण्याची जबाबदारी पालिकेची आहे.

परदेशातले दाखले हमखास दिले जातात. जपानमध्ये अवजड कचऱ्याला पैसे पडतात, हे खरे. तिथे आधी दिवस ठरवून घ्यायचा, विकत घेतलेले स्टिकर वस्तूला चिकटवायचे, आणि ठरल्या दिवशी गाडी येतेच. तरीसुद्धा टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकताना पैसे घेण्याचा कायदा २००१ मध्ये लागू झाल्यापासून बेकायदा फेकलेल्या अशा वस्तूंची मोजदाद तिथल्या पर्यावरण मंत्रालयाला दरवर्षी करावी लागते. इंग्लंडमध्ये उघड्यावर कचरा टाकण्याच्या घटना वर्षाला दहा लाखांच्या वर आहेत. शुल्कामुळे त्या किती वाढतात यावर तिथे वाद आहे, पण घरदुरुस्तीच्या थोड्या कचऱ्यासाठी कचरा केंद्रांवर पैसे घ्यायला सरकारने ३१ डिसेंबर २०२३ पासून मनाई केली. शिस्तीच्या देशांचे हे अनुभव आहेत. आपण तर एप्रिल २०२५ मध्ये कचरा टाकणाऱ्यांना दंड करणारे क्लीन-अप मार्शलही बंद केले. शुल्क चुकवून माल नाल्यात टाकणाऱ्याला अडवणार कोण? पैसे घ्यायचेच असतील, तर वस्तू विकली जाते तिथे घ्या. ई-कचऱ्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी उत्पादकावर टाकलीच आहे. गाद्या आणि फर्निचर बनवणाऱ्यांनाही ती लावा.

एक गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून लिहितो. ७ मार्च २०२२ पासून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत या शहरात नगरसेवक नव्हते. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडायचा, उपविधी प्रशासकाने लिहायचे आणि हरकतीही त्यानेच ऐकायच्या, ही लोकशाही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याबाबत आदेश दिले. नागरिकांच्या खिशाला हात घालणारा कोणताही निर्णय निवडून आलेल्या सभागृहात चर्चा होऊनच व्हावा.

पालिकेने एवढे करावे. प्रत्येक वॉर्डात महिन्यातला एक दिवस ठरवून अवजड कचरा आणि फांद्या दारातून विनाशुल्क उचलाव्यात. घरटी वजनाची मर्यादा घालावी, त्यापुढे शुल्क घ्यावे. मॉल, हॉटेल आणि मोठ्या संकुलांकडून पहिल्या किलोपासून घ्यावे. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये हा दिवस आठवड्याला यावा. वाचकांनी हीच मागणी पालिकेकडे लेखी नोंदवावी, म्हणजे पुढे 'कोणी सांगितलेच नाही' म्हणायला जागा उरणार नाही.

– एक करदाता, गोरेगाव