वादळाचा विमा आणि हप्त्याचा धनी

सप्टेंबर 2004 मध्ये इव्हान हे चक्रीवादळ ग्रेनाडावर आदळले आणि काही तासांत देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट नुकसान करून गेले. मोठ्या देशात एक जिल्हा उद्ध्वस्त झाला तर बाकीचे जिल्हे त्याला सावरतात. ग्रेनाडाकडे बाकीचे जिल्हेच नव्हते. सरकारी कचेऱ्यांची छपरे उडाली, कर गोळा होणे थांबले, आणि पगार व औषधांसाठी रोकड लागली ती नेमकी तेव्हाच. परदेशी मदतीची आश्वासने बरीच होती. पैसा मात्र वरातीमागून घोडे या न्यायाने येतो. या अनुभवातून कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ संघटनेने जागतिक बँकेला साकडे घातले आणि 2007 मध्ये 16 सरकारांचा सामाईक विमा निधी उभा राहिला. ‘सीसीआरआयएफ’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा निधी केमन बेटांवर नोंदवलेला आहे. अनेक देशांनी मिळून आपत्तीचा विमा उतरवण्याचा जगातला हा पहिला प्रयोग. एकाच वर्षी सगळी बेटे वादळाच्या तडाख्यात सापडत नाहीत, म्हणून एकेकट्याने विमा घेण्यापेक्षा तो एकत्र घेणे स्वस्त पडते, एवढाच त्यामागचा हिशेब.

या विम्यात पंचनामा नसतो. वादळाचा मार्ग, वाऱ्याचा वेग, पाऊस, भूकंपाची तीव्रता हे आकडे आधी ठरवून दिलेल्या गणिती प्रारूपात घातले जातात. प्रारूपाने काढलेले नुकसान करारातल्या पातळीच्या वर गेले की 14 दिवसांच्या आत रक्कम सरकारच्या खात्यात जमा होते. कोकणातल्या आंबा-काजू बागायतदाराला ही तऱ्हा समजावून सांगावी लागत नाही. हवामान आधारित फळपीक विमा याच तत्त्वावर चालतो, ‘ट्रिगर लागला का?’, म्हणजे ठरलेली पातळी ओलांडली गेली का, हा प्रश्न तिथेही विचारला जातो, आणि हवामान केंद्र एका ठिकाणी अन् बाग डोंगरापलीकडे ही कुरकुरही सारखीच आहे.

या विम्यावरचा सर्वांत ठळक आक्षेप रकमेचा आहे. 2017 मध्ये मारिया वादळाने डॉमिनिकाचे सुमारे 130 कोटी डॉलरचे नुकसान केले, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या 226 टक्के. निधीकडून मिळाले सुमारे 1.93 कोटी. 2019 मध्ये डोरियनने बहामाजचे नुकसान 340 कोटींच्या घरात नेले, भरपाई 1.28 कोटी. पॅसिफिकमधल्या अशाच निधीतून वानुआटूला 2015 च्या पॅम वादळानंतर 19 लाख डॉलर मिळाले, आणि नुकसान होते सुमारे 45 कोटींचे. हे आकडे शेजारी ठेवले की विमा ही थट्टा वाटू लागते. दुधाची तहान ताकावरही नव्हे, ताकाच्या थेंबावर.

आक्षेपातले आकडे खरे आहेत, पण तुलना चुकीची आहे. घरे, पूल आणि बंदरे पुन्हा बांधून देण्याचे वचन या विम्याने कधी दिलेच नव्हते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची रोकड हा त्याचा विषय. वानुआटूला मिळालेली रक्कम नुकसानीच्या अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही. तीच रक्कम त्या सरकारच्या वार्षिक आपत्कालीन तरतुदीच्या आठपट होती. रस्त्यावरचे झाड हटवणाऱ्या यंत्राचे डिझेल, इस्पितळाचा जनित्रसंच, बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटीचे भाडे हे खर्च पुनर्बांधणीच्या कर्जाची वाट पाहू शकत नाहीत. अग्निशमन बंबाने घर बांधून दिले नाही अशी तक्रार कोणी करत नाही. शिवाय आपत्तीचा खर्च थरांनी पेलायचा असतो. वारंवार येणाऱ्या लहान नुकसानीला राखीव निधी, मधल्याला आधीच मंजूर करून ठेवलेले कर्ज, आणि क्वचित येणाऱ्या महासंकटाला विमा व आपत्तीरोखे. एका थराला साऱ्या इमारतीचे माप लावले की तो कायम तोकडाच दिसणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि जमैकाने पंधरा-सोळा महिन्यांत त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. 2024 मध्ये जागतिक बँकेमार्फत जमैकाचा 15 कोटी डॉलरचा आपत्तीरोखा निघाला. गुंतवणूकदार रोख्यात पैसे घालतात आणि व्याज घेतात. मोठे वादळ आलेच तर त्यांचे मुद्दल जमैकाकडे जाते. निकष वादळाच्या केंद्रातल्या हवेच्या दाबाचा. नकाशावर चौकोन आखलेले असतात आणि अमुक चौकोनात दाब अमुक पातळीखाली उतरला तरच पैसे. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेले. शेती झोपली, छपरे गेली, विजेचे खांब आडवे झाले. पण दाब पुरेसा उतरला नाही आणि रोख्यातून एक डॉलरही सुटला नाही. टीकाकारांनी रोख्याला लबाडी ठरवले. मग 28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा आले. त्याचा दाब 900 मिलिबारच्याही खाली गेला होता. त्याच रोख्याने 15 कोटी पूर्ण दिले, सामाईक निधीतून आणखी सुमारे 9.2 कोटी आले, आणि काल लबाडी म्हणणाऱ्यांच्या बरोबरीने दुसऱ्या टोकाचे भाट उभे राहिले.

दोघांचेही निष्कर्ष घाईचे. बेरिलच्या वेळी रोखा ‘फसला’ नव्हता. तो त्या थरासाठी घेतलेलाच नव्हता. त्या थराला सामाईक निधीतून जमैकाला सुमारे 2.7 कोटी डॉलर मिळाले, याचा उल्लेख टीकेत क्वचितच आढळतो. मेलिसाच्या भरपाईने विम्याची महती सिद्ध होते हेही खरे नाही. नुकसानीचा अंदाज सुमारे 880 कोटी डॉलरचा आहे आणि दोन्ही मार्गांनी आलेली रक्कम त्याच्या तीन टक्क्यांपेक्षा कमी. उरलेले 97 टक्के कोठून यायचे, हा प्रश्न भाटांच्या स्तोत्रात येत नाही.

मोजमाप आणि प्रत्यक्ष हानी यांतली दरी कमी करता येते, आणि संशोधनाने ती काही प्रमाणात केलीही आहे. 2007 च्या डीन वादळात जमैकाला सामाईक निधीतून काहीच मिळाले नाही, कारण पावसाने केलेली हानी त्या वेळच्या पॉलिसीत मोजलीच जात नव्हती. त्या ओरडीतून पुढे अतिवृष्टीचा वेगळा विमा तयार झाला. 2019 पासून ग्रेनाडा आणि सेंट लुशियात मच्छीमारांसाठी स्वतंत्र योजना आली, तीत उसळत्या समुद्राचाही विचार आहे. हे काम उपयोगाचे आहे. मात्र विमा संशोधनाचा बहुतेक जीव याच एका कामात अडकला आहे. अधिक चांगला उपग्रह, अधिक बारीक जाळी, अधिक नेमका ट्रिगर, अशी ही वाट आहे आणि ती संशोधकाला सोयीचीही आहे, कारण तीवर चालताना बेटावर पाऊल ठेवावे लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याला आता उपग्रहाची उंची लाभली आहे.

दरीचे खरे मूळ आकाशात नसून जमिनीवरच्या यादीत आहे. प्रारूपाला वादळाबरोबर मालमत्तेची यादीही लागते, म्हणजे कोणती इमारत कोठे, कशाची, किती किमतीची. 6 फेब्रुवारी 2013 रोजी सॉलोमन बेटांच्या टेमोटू प्रांतात 8.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुनामीने किनाऱ्यावरची गावे धुऊन नेली. प्रारूपाने काढलेले नुकसान पातळीपर्यंत पोहोचलेच नाही. दूरच्या प्रांतात विरळ वस्ती, पानांची छपरे, थोड्या सरकारी इमारती. गावे गेली तरी राजधानीच्या तुलनेत बेरीज किरकोळ. पुढच्या वर्षी होनियारा शहरात मोठा पूर आला, तो चक्रीवादळाच्या व्याख्येत बसला नाही. दोनदा हात हलवत परतल्यावर सॉलोमन सरकार पॅसिफिकच्या सामाईक योजनेतून बाहेर पडले. या निर्णयाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांना ते दोन्ही प्रसंग आधी विसरावे लागतात.

वानुआटूत बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि तारो, सुरण, केळी यांच्या परसबागांवर पोट भरतात. पॅम वादळाने त्या बागा उपटून टाकल्या. त्या पिकाची बाजारात पावती होत नाही. जमीन कुळाच्या मालकीची, सातबाऱ्यासारखा उतारा नाही. म्हणून किंमत मोजणाऱ्या यादीत बाग जवळपास शून्य. महागड्या किनारी हॉटेलचे एक छप्पर तीत शंभर बागांपेक्षा जड भरते. ट्रिगर कितीही नेमका केला तरी हा दोष जात नाही, कारण दोष तराजूत नाही, तराजूत काय घालायचे या निवडीत आहे. किती कुटुंबांचे किती महिन्यांचे अन्न गेले, पिण्याच्या पाण्याच्या किती टाक्यांत खारे पाणी शिरले, किती होड्या फुटल्या हे मोजमाप भरपाईचा आधार होऊ शकते. ते गावातल्या लोकांना बरोबर घेऊनच उभे राहते. फिजीत 2021 पासून चालू झालेला कुटुंबस्तरावरचा विमा त्या दिशेने एक पाऊल आहे. 100 फिजी डॉलरच्या हप्त्यावर 1,000 डॉलरपर्यंतचे छत्र, ऊस उत्पादक आणि मच्छीमार यांसारख्या कुटुंबांसाठी.

आता हप्त्याकडे. अर्थशास्त्राच्या पुस्तकी वळणाचा पूर्वपक्ष असा की हप्त्यावर अनुदान देऊ नये. अनुदानाने धोक्याची खरी किंमत झाकली जाते आणि विमाधारक बेफिकीर होतो. गाडीच्या विम्याला हा युक्तिवाद लागू पडतो, कारण चालकाला वेग कमी करता येतो. चक्रीवादळाचा वेग डॉमिनिकाच्या हातात नाही. छपरे घट्ट बसवणे, बांधकामाचे नियम पाळणे एवढे बेटवाल्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी हप्त्यात सूट ठेवता येते. समुद्र तापवणारे उत्सर्जन मात्र दुसऱ्यांचे. बेफिकिरीची भीतीच घालायची तर ती त्या दुसऱ्यांना घालावी लागेल. धोका जो वाढवतो त्याच्यापर्यंत वाढत्या हप्त्याचे बिल पोहोचत नाही, ते बेटाच्या तिजोरीवर येऊन पडते. किमतीचा संकेत चुकीच्या पत्त्यावर जातो.

हा मुद्दा नवा नाही, नुसता बाजूला सारलेला आहे. 1991 मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असताना वानुआटूने लहान बेटांच्या आघाडीच्या वतीने एक आंतरराष्ट्रीय विमा निधी सुचवला होता. समुद्रपातळी वाढून होणाऱ्या हानीची भरपाई त्यातून व्हावी, आणि वर्गणी औद्योगिक देशांनी भरावी, राष्ट्रीय उत्पन्न आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन या दोन निकषांवर. 1992 च्या करारात ‘विमा’ हा शब्द आला, वर्गणीचे सूत्र गळाले. बेटांनी विमा मागितला तो हप्ता दुसऱ्याने भरायचा म्हणून. त्यांना मिळाला तो हप्ता स्वतः भरायचा असलेला. मधल्या काळात देणगीदारांनी मदत केली, पॅसिफिकच्या प्रारंभीच्या योजनेत हप्त्याचा मोठा भार जपान आणि जागतिक बँकेने उचलला, हे नोंदवायला हवे. पण देणगी ही मर्जी असते. आज असते, उद्याच्या अर्थसंकल्पात नसते.

2022 मध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीच्या निधीला मान्यता मिळाली. त्याच परिषदेत सात श्रीमंत देशांच्या गटाने ‘ग्लोबल शील्ड’ ही विमाप्रधान योजनाही पुढे केली. विमा पुढे करून भरपाईची जबाबदारी टाळली जाते, हा बेटांचा संशय तेव्हा आणखी पक्का झाला. संशय साधार आहे. त्यातून काढलेला ‘म्हणून विमाच नको’ हा निष्कर्ष निराधार. नुकसानीच्या निधीतूनच हप्ते भरले तर दोन्ही एकमेकांचे वैरी उरत नाहीत. निधीचा कागदोपत्री संथपणा विम्याच्या 14 दिवसांनी भरून निघतो, आणि विम्याचे ओझे ज्याने लादले त्याच्याकडे परत जाते.

विम्याला जोड हवी ती कर्जकरारातल्या सवलतीची. इव्हानचा धडा घेतलेल्या ग्रेनाडाने 2015 च्या सुमारास कर्जाची पुनर्रचना करताना एक कलम घालून घेतले होते की मोठे वादळ आले तर परतफेडीचे हप्ते काही काळ थांबतील. 1 जुलै 2024 रोजी बेरिलने ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावरची बहुतेक सगळी घरे मोडली. सामाईक निधीतून सुमारे 4.4 कोटी डॉलर आले, आणि ऑगस्टमध्ये ते कलम लागू करून ग्रेनाडाने सुमारे 1.25 कोटींचा भरणा पुढे ढकलला. एका हाताने भरपाई घ्यायची आणि दुसऱ्या हाताने सावकाराला द्यायची, ही वेळ टळली. विमा संशोधनात अशा कलमांचा अभ्यास ट्रिगरच्या मानाने फारच थोडा होतो.

या साऱ्याच्या पलीकडे एक हद्द आहे. विमा अनिश्चित घटनेचाच उतरवता येतो. वादळ येईल किंवा येणार नाही, म्हणून त्याचा हप्ता काढता येतो. समुद्राची पातळी चढते आहे हे ठाऊकच आहे, म्हणून तिचा हप्ता नुकसानीएवढाच होईल. विहिरीत मुरणारे खारे पाणी आणि दरवर्षी वीतभर आत सरकणारा किनारा कोणत्याही ट्रिगरला लागत नाही. तुवालूने त्यासाठी वेगळाच दस्तऐवज केला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला ‘फालेपिली’ करार ऑगस्ट 2024 पासून अमलात आला असून, त्यानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येते. देशाची लोकसंख्या सुमारे 11 हजार. 2025 च्या पहिल्या सोडतीत निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांची नावे होती.