शेवटचे कडवे कापू नका

14 एप्रिलच्या रात्री पेण किंवा रोहा तालुक्यातल्या कुठल्याही बौद्धवाडीत जा. स्पीकरवर वाजणारी गाणी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. गाणारा कोण, हे बहुतेक तरुण लगेच सांगतात. लिहिणारा कोण, असे विचारले की एकमेकांकडे बघतात.

गेल्या काही महिन्यांत आम्ही या दोन तालुक्यांतल्या कलावंतांशी बोललो. त्यात गायन पार्टीतले गायक होते, ढोलकीवाले होते, वहीत गीते लिहिणारे ज्येष्ठ होते, मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करणारी मुले होती आणि पेणच्या कारखान्यांत मूर्ती रंगवणारे कारागीरही होते. प्रत्येकाला आम्ही दोनच प्रश्न विचारले. तुमचे काम तुम्ही कसे करता? आणि प्रसिद्धीबद्दल तुम्हाला काय वाटते? पुढची सुपारी जाईल या भीतीने अनेकांनी नाव छापू नका असे सांगितले, म्हणून इथे कुणाचेच नाव देत नाही.

रोह्याकडचे एक ज्येष्ठ गीतकार आधी दिवसभर धाटावच्या एमआयडीसीत राबायचे आणि रात्री लिहायचे. आमच्यासमोर त्यांनी चार वह्या ठेवल्या. एका वहीला वाळवी लागली होती. त्यांचे एक गाणे आजही आसपासच्या गावांत गायले जाते, पण दुसऱ्याच कुणाच्या नावावर. आम्ही विचारले, "काका, तुम्ही कधी बोलला नाहीत?" ते म्हणाले, "पोरांनो, गाणं बाबासाहेबांचं आहे, माझं काय त्यात?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण शेवटी माझं नाव होतं. ते का कापलं, एवढं विचारायचं होतं."

त्यांचे हे वाक्य घेऊन आम्ही परत आलो. आपल्या परंपरेत कवीचे नाव गाण्यातच ओवलेले असते. अभंगांत ते आहे, शाहिरी कवनांत आहे आणि भीमगीतांतही आहे. वामनदादा कर्डकांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. छापखाना परवडत नव्हता, रेकॉर्ड कंपनी विचारत नव्हती, तेव्हा गाणे तोंडातोंडी फिरताना लिहिणाऱ्याचे नाव हरवू नये, याची ही सोय होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादांना तरुणपणापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख मोठेपणी झाली. पुढे त्यांनी हजारो गीते लिहिली. 2004 साली ते गेले, पण नाव राहिले, कारण गाणाऱ्यांनी शेवटचे कडवेही गायले.

आता गाणे रीलमध्ये फिरते. रीलला धृपद पुरते, फार तर पहिले कडवे. शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी पोचत नाही आणि कवी तिथेच गळून पडतो. कुणी मुद्दाम चोरी करतो असे नाही. बोटाच्या एका फटक्यात नाव जाते आणि प्रसिद्धी चॅनेलच्या खात्यावर जमा होते. हे आम्हीही केले आहे. एका कार्यक्रमाचा व्हिडिओ आम्ही मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली मंडळाचे नाव लिहिले, अध्यक्षांचे लिहिले, गीतकाराचे राहिले.

पेणमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसले. पेण शहर, हमरापूर, जोहे ही नावे मूर्तिकामासाठी देशभर माहीत आहेत. 'पेणची मूर्ती' म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते. पण डोळ्यांची आखणी कोणी केली, हे मूर्तीवर कुठे लिहिलेले नसते. आखणी करणारा एक तरुण म्हणाला, "माझ्या हातचे डोळे मी गर्दीतही ओळखतो. बाकी कुणी ओळखत नाही." पीओपीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. 9 जून 2025 रोजी न्यायालयाने मूर्ती बनवायला मुभा दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगी दिली नाही. त्या काळात चर्चा झाली ती 'पेणच्या व्यवसाया'ची. रोजावर रंगकाम करणाऱ्याचे काय होणार, हा प्रश्न क्वचितच कानावर आला. गावाला नाव मिळाले म्हणजे गावातल्या प्रत्येक हाताला मिळाले, असे होत नाही.

मग प्रसिद्धी हवीच का, असे आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतात. चळवळीचे गाणे हे मिशन आहे, त्यात नाव आणि पैसा कशाला? या प्रश्नाचा आदर ठेवून आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, आंबेडकरी जलसा हे चळवळीचे मोठे साधन होते. आपल्या दहा सभा आणि भीमराव कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. जलशाचे मोल एवढे मोठे असेल, तर तो करणाऱ्याचे मोल शाल आणि नारळावर कसे भागते? मंडप, स्पीकर, लाइटवाला यांची बिले आपण न बोलता देतो. गायन पार्टीने गाडीभाडे मागितले की मात्र मिशनची आठवण करून देतो. एका गायिकेने सांगितले, "कार्यक्रम रात्री एकला संपतो. पहाटेच्या दिवा गाडीपर्यंत स्टेशनवर बसायचं. लग्नानंतर घरचे म्हणाले, एवढ्यासाठी कशाला जातेस?" तिने गाणे सोडले. तिच्या बाबतीत मिशनचे नुकसान कुणी केले, याचा विचार आपण करायला हवा.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची आहे. नाव हा कामाचा पुरावा असतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पूर्वी तिच्यात अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला महिना 3,150 रुपये, राज्य पातळीवरच्याला 2,700 आणि स्थानिकाला 2,250. म्हणजे प्रसिद्धी जेवढी कमी, तेवढा म्हातारपणाचा आधार कमी. 2024 मध्ये ही उतरंड मोडून सरसकट 5,000 रुपये करण्यात आले, हे चांगले झाले. पण अर्जासोबत कलेच्या कामाचे पुरावे लागतातच. ज्याचे नाव पत्रिकेवर छापले नाही, व्हिडिओखाली लिहिले नाही, सूत्रसंचालकाने उच्चारले नाही, त्याने चाळीस वर्षे गायल्याचा पुरावा कुठून आणायचा? आपण कापलेले कडवे अशा प्रकारे कुणाच्या तरी औषधाच्या पैशांना जाऊन भिडते.

कायदा कवीच्या बाजूने आहे, हेही माहीत असावे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 नुसार हक्क विकले तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिले. तो वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क वारसांकडे असतात. आम्ही भेटलेल्या गीतकारांपैकी एकालाही हे कुणी सांगितलेले नव्हते.

तरुण कलावंतांबद्दलही एक सांगू. रॅप करणारी मुले प्रसिद्धी हवी असे उघडपणे म्हणतात. काही ज्येष्ठांना ते खटकते. आम्हाला त्यात वावगे वाटत नाही. मराठवाड्यातल्या कडुबाई खरात एकतारीवर गात होत्या, मोबाइलने त्यांचा आवाज घराघरांत नेला. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांच्या पोरांनी आपले नाव मोठ्याने घेतले तर बिघडले कुठे? फक्त दुसऱ्याचे गाणे गाताना त्याचेही नाव तितक्याच मोठ्याने घ्यावे.

येत्या वर्षावासापासून पेण-रोह्यातल्या गावशाखांनी आणि मुंबईकर मंडळांनी चार गोष्टी कराव्यात. गाणे सुरू होण्याआधी कवीचे नाव सांगावे आणि व्हिडिओखाली लिहावे. मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून कागदावर घ्यावा. प्रत्येक कार्यक्रमानंतर कलावंताला मंडळाच्या लेटरहेडवर तारखेसह पत्र द्यावे, तोच उद्याचा पुरावा. आणि गावातल्या ज्येष्ठ गीतकारांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवावेत. यासाठी निधी लागत नाही, एक मोबाइल आणि एक रविवार पुरतो.

रोह्याच्या त्या काकांच्या चार वह्यांपैकी तीन वह्यांचे फोटो आम्ही काढले. वाळवी लागलेल्या चौथीतली काही पाने वाचता येत नाहीत. ती गाणी आता फक्त त्यांना पाठ आहेत. पुढच्या रविवारी आम्ही ती रेकॉर्ड करायला जाणार आहोत, शेवटच्या कडव्यासकट. तुमच्या गावातले काका किंवा मावशी कोण, ते तुम्ही शोधा.

जय भीम.