ऊन घ्या, पण कोणतं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात वर्ध्याला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि त्याच दिवसांत नवतपाही, म्हणजे सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतो. पारा ४५ च्या पुढे गेला तर ती तिथे बातमी नसते. देवळी घ्या, हिंगणघाट घ्या, आर्वी घ्या, दुपारी रस्ते ओस. बाहेर पडणं भागच असेल तर डोक्याला आणि कानांना दुपट्टा, निघताना पोटात पन्हं किंवा ताक, आणि खिशात कांदा. कांद्याने काही होत नाही. पण कांदा आठवणीने घेणारा माणूस पाण्याची बाटलीही विसरत नाही, म्हणून मी त्याला हसत नाही.

अशा जिल्ह्यातून ब्रिटनमध्ये आलेल्या माझ्यासारख्यांच्या मनात उन्हाचे दोन कायदे पक्के असतात. सकाळचं कोवळं ऊन हे औषध आणि दुपारचं ऊन वैरी. माझं म्हणणं एवढंच, की हे कायदे वर्ध्याच्या मेमध्ये सोळा आणे खरे आहेत, आणि इथे ते जसेच्या तसे पाळणं चूक आहे.

कोवळ्या उन्हाच्या बाजूने आमच्या जिल्ह्याचा साक्षीदार फार मोठा आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले. पुढे त्याच गावाचं सेवाग्राम झालं. माती, पाणी, ऊन, हवा यांवर त्यांचा औषधांपेक्षा अधिक भरवसा होता. १९४२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सूर्यस्नानाचा पुरस्कार केला आणि त्यासाठी वेळ सांगितली ती सकाळची. हा सल्ला गैर नव्हता. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्रीची झोप सुधारते, आणि ब्रिटनमधल्या नोव्हेंबर-डिसेंबरात उजेडावाचून मन कसं कोमेजतं ते कुणाला सांगायला नको.

मात्र व्हिटॅमिन डीचा हिशेब निराळा आहे. ते त्वचेत तयार होतं ते उन्हातल्या ‘यूव्हीबी’ किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असला की किरणांना वातावरणातून तिरपी, लांबची वाट कापावी लागते आणि यूव्हीबी ओझोनमध्येच मुरून जातात. म्हणजे ज्या सात वाजताच्या उन्हात आपण तान्ह्या बाळाला तेल लावून निजवतो, त्यात ऊब आहे, उजेड आहे, पण व्हिटॅमिन डी जवळजवळ नाही. तिरुपतीला झालेल्या अभ्यासातही ते तयार होण्याची खरी वेळ निघाली अकरा ते दोन. ओळखायची सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्याहून आखूड असेल तर ते ऊन कामाचं.

आता हीच सावली दोन गावांत मोजा. वर्ध्यात डिसेंबरच्या शेवटी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंश वर असतो. सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी. हवा गोड, घाम नाही. वर्ध्यात ऊन घ्यायचं तर ते हिवाळ्यातल्या दुपारचं. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य १५ अंशांवरच अडकतो. सावली उंचीच्या जवळपास चौपट. तिथे उघड्यावर दिवसभर बसलात तरी हाती फक्त सर्दी लागेल. लंडनला सावली माणसाहून आखूड होते ती साधारण एप्रिल ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तीही दुपारीच. घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं असल्यामुळे सूर्य सगळ्यात वर येतो एकच्या आसपास. नेमक्या याच वेळी आपली माणसं पडदे ओढून घेतात.

याचे परिणाम इथे सर्वांच्या डोळ्यांदेखत झालेले आहेत. ग्लासगोतल्या डॉक्टरांनी १९६२ मध्ये तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि मोठ्यांमध्ये हाडं मऊ पडण्याचा आजार नोंदवला. पुढे ब्रिटनभर दक्षिण आशियाई घरांत तेच दिसत गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारला मुडदुसाविरुद्ध खास मोहीम काढावी लागली. कारणं गुंतलेली होती: सावळी त्वचा, अंगभर कपडे, घरातलं राहणं, आहार. त्यात आपण आणखी एक भर घालतो. “उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील.” हे वाक्य समुद्र ओलांडून आलं आणि अजून म्हातारं झालेलं नाही. मुलींना ते ऐकवणाऱ्या प्रत्येक काकूशी माझं भांडण आहे.

मँचेस्टरच्या संशोधकांनी वेळही मोजून दिली आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारच्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून गोऱ्या माणसाला रोज ९ मिनिटं पुरतात, तर आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला साधारण २५. तेवढं झालं की सावलीत या. जास्त वेळ बसून जास्त मिळत नाही. एका मर्यादेनंतर त्वचा तयार झालेलं द्रव्य दुसऱ्याच निरुपयोगी रूपांत बदलून टाकते, आणि उरतात ते भाजणं, काळे डाग आणि डोळ्यांवरचा ताण. काचेआड बसलात तर मुळीच उपयोग नाही, कारण यूव्हीबी काचेतून आत येत नाहीत.

उरलेले सहा महिने व्हिटॅमिन डीची गोळी. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, असा इथला सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही तो सांगतो. पण भारतातून येताना बॅगेत येणाऱ्या ६०,००० युनिटच्या पुड्या ही वेगळी गोष्ट आहे. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. ती पुडी डॉक्टर आठवड्यातून एकदा, तेही ठरावीक आठवडेच देतात. कुणी ती रोज घेऊ लागलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं. उन्हातून व्हिटॅमिन डीची विषबाधा होत नाही, पुडीतून होते.

सूर्याकडे टक लावण्याच्या, मोबाइलवर फिरणाऱ्या ‘साधने’ला तर पूर्ण नकार द्या. त्याने डोळ्याचा पडदा जळतो, आणि तो पुन्हा उगवत नाही. तान्ह्या बाळाची कावीळही उन्हावर सोपवू नका. खरं तर प्रकाशाने ती उतरते हे इथेच, एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात कळलं. १९५० च्या दशकात तिथल्या परिचारिका सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत नेत, आणि उन्हात उघडी राहिलेली कातडी कमी पिवळी दिसते हे त्यांनी टिपलं. त्यातूनच निळ्या दिव्यांचे उपचार आले. पण तो दिवा आणि रक्ताची तपासणी रुग्णालयात असते, अंगणात नसते.

‘ऊन घ्या’ हा उपदेश छपराखाली बसणाऱ्यांसाठी आहे, हेही मान्य करायला हवं. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, मेमध्ये वावरात राबणाऱ्या किंवा बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला ऊन घ्यावं लागत नाही, ते तिच्यावर येऊन पडतं. तिला हवी असते सावली, पाणी, आणि सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी थांबणारं काम. शिवाय उष्ण हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. १९३८ साली विनोबा अगदी खंगलेल्या प्रकृतीने पवनारला गेले, तेव्हा शेतात खणायला त्यांनी काही मिनिटांपासून सुरुवात केली आणि रोज थोडी थोडी वाढ केली. त्यांची प्रकृती सुधारण्याचं श्रेय मी उन्हाला देणार नाही. पण चढत्या मापाची ती पद्धत लंडनहून थेट मेच्या विदर्भात उतरणाऱ्याने घ्यावी अशीच आहे.

आणि इथल्या उन्हाची टवाळी नको. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीला पारा ४०.३ वर गेला, तेव्हा आपल्यातले बरेच जण म्हणाले, “हे काय ऊन! आमच्याकडे ४६ असतं.” असतं, पण तिथे उंच छत, कूलर, वाळ्याचे पडदे आणि बंद दुपार असते. इथलं घर ऊब धरून ठेवायला बांधलेलं. त्या उन्हाळ्यातल्या लाटांत इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या माणसांचे सुमारे २,८०० अतिरिक्त मृत्यू झाले.

तेव्हा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती अशी. जूनमधली सहल संध्याकाळी पाच वाजता ठेवण्याऐवजी बारा वाजता ठेवा, मुलांचे खेळ जेवणाआधी उघड्या मैदानावर घ्या, आजी-आजोबांसाठी तंबू आणि पाणी ठेवा. आणि दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशेजारी आपल्याच एखाद्या डॉक्टर सभासदाला बसवा, म्हणजे बॅगेतल्या पुड्यांबद्दल लोकांना नीट विचारता येईल.