दुखरा दात आणि लांबचा दवाखाना

तुमचा दात कधी रात्री ठणकला आहे का? तेव्हा तुम्ही आईला उठवले असेल. गालावर हात ठेवून कोठे दुखते ते दाखवले असेल. आईने दाताखाली लवंग धरायला दिली असेल आणि सकाळी दवाखान्यात नेले असेल.

आता ज्याला दुखणे सांगताच येत नाही, अशा मुलाचा विचार करा. तो ताट दूर सारतो, गालावर मारून घेतो, ओरडतो. लोक म्हणतात, "फार हट्टी झाला आहे!" खरे कारण एखादी किडलेली दाढ असू शकते.

विशेष गरजा असलेल्या मुलांचे दात लवकर का बिघडतात? मेंदूच्या पक्षाघातामुळे काही मुलांना ब्रश नीट धरता येत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना हिरड्यांचे आजार अधिक होतात. काही स्वमग्न मुलांना ब्रशचा स्पर्श किंवा पेस्टची चव सहन होत नाही. फिट येणाऱ्या मुलांना बरीच वर्षे औषध घ्यावे लागते. गोड पातळ औषधाने दात किडतात, तर काही औषधांनी हिरड्या वाढतात. यात मुलाचा दोष नाही आणि आईवडिलांचाही नाही.

मीरा-भाईंदरमध्ये उत्तन-डोंगरीच्या बाजूला तारोडी हे गाव आहे. समजा, तेथील एका मुलीची दाढ दुखते आहे. ती चाकांच्या खुर्चीवर बसते. जवळचा दवाखाना जिना चढून असेल, तर तिची वाट तेथेच अडते. डॉक्टरांनी सांगितले, "हिला भूल देऊन काम करावे लागेल, मोठ्या रुग्णालयात न्या," तर? गावात रेल्वे स्टेशन नाही. आधी बसने भाईंदर गाठायचे, मग जवळजवळ तासभर लोकलने मुंबई सेंट्रल आणि तेथून नायर दंत रुग्णालय. वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडते. एका खेपेत काम होईलच असे नाही. मग घरात कोणी म्हणते, "दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप." पण दुधाचे दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. ते किडले, तर दुखणे वाढते आणि खाणे सुटते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात उपचाराच्या वेळी दिव्यांगांना अग्रक्रम द्यावा, रुग्णालयात त्यांना अडथळा नसावा, असे म्हटले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्या जवळच्या पालघरमधूनच. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दातांचे आजारही पाहिले जातात.

म्हणून मला वाटते, मुलाने दवाखान्यापर्यंत धडपडत जाण्याऐवजी दातांच्या डॉक्टरांनीच वर्षातून दोनदा शाळेत यावे. पहिल्या भेटीत नुसता आरसा दाखवावा. दुसऱ्या भेटीत दात मोजावेत. भीती गेली, की पुष्कळ मुले शांत बसतात. दुखणे लवकर कळले, तर मुंबईची खेप आणि भूलही अनेकदा टळेल. कोणी म्हणेल, "एवढा वेळ कोणाला आहे?" पण वेळेवर दोन मिनिटे दिली नाहीत, तर पुढे सगळा दिवस द्यावा लागतो.

तुम्हीही पुष्कळ करू शकता. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, म्हणजे कमजोर हातालाही धरता येतो. मिस्वाक असो की ब्रश, लहान भावंडासमोर बसून रोज दात घासा, ते पाहून शिकेल. वर्गातला मित्र अचानक जेवेनासा झाला, तर त्याला चिडवू नका, बाईंना सांगा. दवाखान्यात रांग असेल, तर अशा मुलाला आधी जाऊ द्या.

मात्र ही मेहरबानी समजू नका. 'हक' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीत तोच 'हक्क' आहे. दुखणारा दात वेळेवर बरा होणे, हा त्या मुलाचा हक्क आहे.